साहेबाच्या पणज्याचा रस्सा

परवा आमच्या शाळेचा मोठा समारंभ झाला. मांडव, सनई, माजी विद्यार्थी, सगळे यथासांग. एका वक्त्याने जुन्या शिक्षकांची आठवण काढली. सपकाळांचे नाव आले तेव्हा मी सावरून बसलो. तो म्हणाला, "कैलासवासी आनंदराव सपकाळ यांनीही काही काळ येथे इंग्रजी शिकवले. पुढे अधिक चांगल्या संधीसाठी ते सांगलीस गेले." टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या. पहिल्या रांगेत बसून, गळ्यात हार घालून.

चांगल्या संधीसाठी! माणसाला दारातून बाहेर ढकलायचे आणि मागाहून सांगायचे, की त्याला बाहेरची हवा मानवत असे.

सपकाळांना जो वर्ग मिळायला हवा होता तो मला मिळाला, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे मी हे कोणत्या तोंडाने लिहितो आहे ते वाचणाऱ्याला कळेल. मला रागावता येत नाही. मला लाज वाटते. घरात कपबशी फुटली तरी आधी मला अपराध्यासारखे वाटते आणि मग ती कोणी फोडली ते समजते. सपकाळ म्हणायचे, "आपटे, जगात दोनच जाती. एकीला राग येतो, दुसरीला लाज वाटते. आणि ज्यांच्यावर राग यायला पाहिजे ती माणसं तुम्हा लाजणाऱ्यांच्या जिवावर खुशाल ढेकर देत बसतात."

ते मेढ्याकडचे. जावळीच्या डोंगरात नाचणी-वरीवर वाढलेले. घरातले बहुतेक पुरुष पलटणीत गेलेले. हेच एक पुस्तकात गेले. कोल्हापूरला बोर्डिंगात राहून इंग्रजी घेऊन बी.ए. झाले आणि साताऱ्यास आमच्या शाळेत लागले. उंच, हडकुळे, आणि चालताना छत्री मधोमध मुठीत धरलेली, जणू ती आता कोणाच्या तरी पाठीत बसणार आहे. कोटाच्या उजव्या खिशात काळे मिरे सुटे टाकलेले असत. तासाला जाण्यापूर्वी एक मिरा दाढेखाली धरायचा, घसा साफ राहतो म्हणून. राग आला की डोक्यावरची टोपी काढून टेबलावर ठेवत. टोपी उतरली की मुले पाठ ताठ करून बसत. मुलांवर ते कधी रागवत नसत. पण जगात कुठेतरी काहीतरी गैर झाले आहे आणि आता त्याची झडती निघणार, हे मुलांना कळे.

त्यांचे एक ठरलेले वाक्य होते: "हे मला पटत नाही. आणि तुम्हाला पटतं कसं, हे तर त्याहून पटत नाही." शिक्षकांच्या खोलीत सकाळी ते आले की कोणीतरी विचारायचे, "काय सपकाळ, आज कशावर?" ते सांगत. कधी रेशनच्या दुकानातला काटा, कधी कलेक्टर कचेरीच्या पायरीवर उन्हात ताटकळत ठेवलेली म्हातारी, कधी व्याकरणाच्या पुस्तकातले एखादे उदाहरण, ज्यात शेतकरी नेहमी मूर्खच असतो. लोक हसत. मीही हसे. ती चेष्टा आहे हे त्यांना कळत होते. तरी दुसऱ्या दिवशी ते पुन्हा सांगत.

ते गावाशेजारच्या करंज्याला राहत; डबा तिथून, घरूनच येई. भाकरी, कांदा-लसणाच्या मसाल्यात केलेली एखादी भाजी, क्वचित सुकटीची चटणी. शिक्षकांच्या खोलीत आम्ही बहुतेक एका जातीचे. एक दिवस एका ज्येष्ठ शिक्षकांनी फार गोड आवाजात सुचवले, की सपकाळांनी जेवताना जरा वाऱ्याच्या बाजूला बसावे, म्हणजे बाहेर, व्हरांड्यात. सपकाळ उठले, डबा उचलला आणि म्हणाले, "बसतो की. पण वारा तुमच्याकडनंच येतोय, जरा बघा." त्यानंतर ते व्हरांड्यातच जेवत. महिन्यातून एकदा मात्र डबा घेऊन आत येत, टेबलावर ठेवून झाकण उघडत, सगळ्यांकडे पाहत, झाकण लावत आणि परत बाहेर जात. मी एकदा विचारले, हे काय करता? म्हणाले, "हवा पालटलीय का बघून आलो."

आता त्यांच्या इंग्रजीबद्दल. साताऱ्यात त्यांच्याइतके इंग्रजी वाचलेला माणूस नव्हता, आणि हे त्यांच्या शत्रूंनाही मान्य होते. म्हणून शत्रू दुसरेच काही बोलत. म्हणत, "ज्ञान आहे हो, पण उच्चार मेढ्याचे." खोटे नव्हते ते. सपकाळांच्या तोंडी 'ह' टिकत नसे. भरात आले की 'पाहिलं'चे 'पायलं' होई आणि 'राहिलं'चे 'रायलं'. मॅट्रिकच्या वर्गाला इंग्रजी शिकवणारे म्हातारे शिक्षक त्या वर्षी निवृत्त होणार होते. तो वर्ग नियमाने सपकाळांकडे यायचा. त्यांना बाकी काही नको होते. पगार फारसा वाढणार नव्हता. पण जावळीतल्या पोराने साताऱ्यात मॅट्रिकला इंग्रजी शिकवायचे, या एका गोष्टीवर त्यांचा जीव होता. त्यांच्या वाडीतल्या लोकांना ते आधीच सांगून बसले होते.

आणि उच्चारांची त्यांना लाज वाटत नव्हती. उलट त्यांनी त्याचे एक शास्त्रच केले होते. फळ्यावर ते 'सरदार' या अर्थाचा इंग्रजी शब्द लिहीत, के-एन-आय-जी-एच-टी, जो आज सगळे 'नाइट' म्हणतात, आणि एकेका अक्षरावर खडू आपटत. "हे क. हे ग. हे ह. सहाशे वर्षांमागं साहेब ही सगळी अक्षरं म्हणायचा. क्निख्त! म्हणा." सगळा वर्ग खच्चून "क्निख्त" म्हणे. "मग पुढं काय झालं? साहेबानं क गिळला, ग गिळला, ह गिळला, आणि हा झाला शुद्ध उच्चार. आम्ही जावळीकर एकटा ह गिळतो, तर आम्ही गावंढळ! पटतं तुम्हाला?" वर्ग म्हणे, "नाही पटत, सर!" पलीकडच्या वर्गात मला गणित शिकवणे मुश्किल होई.

हे सगळे चालले असताना शाळाखात्याचे साहेब तपासणीला आले. लालबुंद, हसरा, पन्नाशीचा माणूस. हेडमास्तरांच्या खोलीत चहा आणि चिवडा ठेवला होता. कमिटीचे अध्यक्ष हजर होते. ते नामांकित वकील. गावात त्यांना सगळे नानासाहेब म्हणत. साहेबांनी चिवड्याचा एक घास घेतला, ठसका लागला, डोळे पुसत ते गमतीने म्हणाले, की तुमच्या हवेत मांस लवकर नासते, म्हणून वास झाकायला तुम्ही लोक इतका मसाला घालता, असे मी ऐकले आहे. खोलीतल्या ज्यांनी जन्मात मांस पाहिले नव्हते तेही "हो हो, अगदी खरे" म्हणून हसले.

सपकाळांनी टोपी काढून टेबलावर ठेवली.

"साहेब," ते इंग्रजीत म्हणाले, "मग तुमचे लोक समुद्र ओलांडून मिऱ्यांसाठी कशाला आले? तुमच्याकडे तर थंडी आहे. तुमचं मांस नासत नाही."

नानासाहेबांनी टेबलाखाली त्यांचा पाय दाबला, असे सपकाळ पुढे सांगत. साहेब मात्र खुर्चीत मागे रेलून हसले. तेव्हा सपकाळांनी सांगितले, की इंग्लंडच्या एका जुन्या राजाच्या मुदपाकखान्यातली कृती त्यांनी वाचली आहे. करडाचे मटण, कांदे, मनुका, केशर, मिरे, सुंठ, दालचिनी, लवंग. वर आंबट आणि गोड. "तुमचे पणजोबा आमच्यासारखंच जेवत होते, साहेब. तुम्ही विसरलात."

"मग पुढच्या खेपेला करून घाला मला," साहेब म्हणाले. "पाहू माझे पणजोबा मला ओळखतात का."

साहेब पुढल्या महिन्यात पुन्हा येणार होते आणि त्याच वेळी मॅट्रिकच्या वर्गाबद्दल शिफारस करणार होते. बाहेर आल्यावर हेडमास्तर सपकाळांना म्हणाले, "अहो, तुमचं अर्धं काम झालं. खूष आहे तो." सपकाळांचाही तोच समज झाला. माझाही.

मग सुरू झाली खटपट. लढाईचे दिवस होते, बाजारात काही धड मिळत नव्हते. पुस्तकात द्राक्षाची दारू सांगितली होती. ती साताऱ्यात कोणाकडे मागायची? सदर बझारातल्या पाववाल्याकडून सपकाळांनी शिर्का, म्हणजे व्हिनेगर, आणला आणि त्यात गूळ विरघळवायचे ठरवले. रस्सा दाट करायला शिळा पाव लागायचा, तोही त्याच्याकडूनच. केशर मिळेना, तेव्हा एका विद्यार्थ्याच्या घरी बाळंतीण होती, तिच्या डबीतून चार काड्या आल्या.

एका संध्याकाळी ते माझ्या घरी आले. ओसरीवर बसले नाहीत, उभ्याउभ्याच हातातला कागद नाचवत म्हणाले, "आपटे, सापडलं! ह्यात दोन पुडी सांगितल्यात. पुस्तकात लिहिलंय 'पूद्र'. पूद्र! म्हणून बघा तोंडानं. पूद्र, पूड. पूड, पूद्र. एकच शब्द हाय हा!"

मी म्हणालो, तसे असेलच असे नाही. पुढे मी एका शास्त्रीबुवांना विचारले, तर त्यांनी दोन्ही शब्दांचा काही संबंध नाही असे व्युत्पत्तीसकट सांगितले. मी ते सपकाळांना कळवले. म्हणाले, "शास्त्रीबुवांना सांगा, एकदा मोठ्यानं म्हणून बघा."

"ते असू दे," ते पुढे म्हणाले. "एक पूद्र फोर्त, म्हणजे जहाल पूड. ती आमच्याकडं हाय, मिरची सोडून. मिरची त्या काळी साहेबाला ठाऊक नव्हती आन् आपल्यालाबी न्हाई, ती फिरंग्यानं आणली. आणि दुसरी पूद्र दूस. दूस म्हणजे गोड. गोड पूड! आता सांगा, तुमच्या आईसाहेब आमटीत काय घालतात?"

"गोडा मसाला," मी म्हणालो.

त्यांनी मला कडकडून मिठी मारली. इंग्लंडच्या राजाचा मसाला साताऱ्याच्या ब्राह्मणाच्या फडताळात निघाला, याचा त्यांना झालेला आनंद मी विसरू शकत नाही. एखादा माणूस इतका खूष झाला की त्याला आपण नाही म्हणू शकत नाही. मी आत जाऊन आईला म्हणालो, सपकाळ सरांना वाटीभर गोडा मसाला हवा आहे.

"त्यांच्याकडे कांदा-लसणाचा असतो की," आई म्हणाली.

"इंग्रजी शिकवायला हवाय."

आईने माझ्याकडे पाहिले, मग दाराकडे पाहिले. म्हणाली, "ज्यात घालायचाय त्यात शेवटी घाल म्हणावं. आधी घातला तर वास उडतो." तिला कळले होते, असे मी समजतो. तिने तो भरून दिला, दाबून.

साहेब यायच्या दिवशी सकाळपासून मी करंज्याला सपकाळांच्या घरी होतो. दोन खोल्या, पुढे शेणाने सारवलेले अंगण. चुलीपाशी त्यांची पत्नी सगुणाबाई. ठेंगणी, खणखणीत आवाजाची बाई. सपकाळ कागद हातात धरून आज्ञा सोडत होते आणि ती प्रत्येक आज्ञेला उत्तर देत होती.

"मिरची नको."

"आवं, मिरची न्हाई म्हंजी? सुतकाचं जेवान हाय का?"

"त्या काळात नव्हती."

"मग त्या काळात मान्सं जेवायची कशी? औषिद घेतल्यागत?"

"आता पाव शिर्क्यात भिजवून कुस्करायचा आणि फडक्यातून गाळायचा."

"पाव गाळायचा!" सगुणाबाईंनी माझ्याकडे वळून कपाळाला हात लावला. "भाऊजी, तुमी शिकल्यालं हाय. तुमी तरी सांगा, पाव कुनी गाळतं व्हय? चाय गाळत्यात, तूप गाळत्यात."

"सगुणे, राजाचा खानसामा गाळायचा!"

"त्याला कामधंदा नसंल."

करडाचे मटण कांद्यावर परतले गेले, पाण्यात शिजले. मनुका पडल्या, गुळाचा शिर्का पडला, गाळलेला पाव पडला, मिऱ्यांची पूड, सुंठ. सगळ्यात शेवटी, आईने सांगितले होते तसा, गोडा मसाला. त्या अंगणात जो वास सुटला त्याला मला नाव देता येत नाही. आमच्या घरची आमटी आणि न पाहिलेली कसलीतरी मेजवानी, दोन्ही एकदम. मी जन्मात मांस चाखलेले नाही. पण त्या दिवशी तोंडाला पाणी सुटले होते, हे कबूल करतो. सगुणाबाईंनी पळीने हातावर घेऊन चव बघितली.

"गोड बी हाय न आंबट बी हाय," त्या म्हणाल्या. "हे मटान हाय का लोनचं?"

दुपारी साहेब आले. त्यांच्याबरोबर नानासाहेब आणि हेडमास्तर. त्या दोघांसाठी वेगळी केळी आणि दूध ठेवले होते. साहेब पाटावर अवघडून बसले. पहिला घास घेतला. सपकाळ भिंतीला टेकून उभे, टोपी डोक्यावर, हात मागे. दुसरा घास. तिसरा. मग साहेबांनी पातेल्याकडे बोट दाखवून अजून मागितले. म्हणाले, माझी आजी नाताळात एक पदार्थ करायची, त्याचा वास येतो आहे याला. हे कुठून आणलेत तुम्ही?

इथे सपकाळांनी तोंड मिटून घेतले असते तर! पण त्यांना ते जमणारे नव्हते. त्यांनी सगळे सांगितले. पूद्र फोर्त सांगितली, पूद्र दूस सांगितली, आणि छाती काढून म्हणाले, "ही जी गोड पूड तुम्हाला आजीची आठवण देते आहे, ती या आपट्यांच्या मातोश्रींनी आपल्या हाताने कुटलेली आहे."

साहेब टाळ्या पिटून हसले. हेडमास्तरांनी केळे खाली ठेवले. नानासाहेब उठून उभे राहिले, उपरणे झटकले आणि अंगणात जाऊन उभे राहिले. ते पुन्हा आत आले नाहीत.

साहेबांच्या ते लक्षातही आले नाही. त्यांनी सपकाळांना त्या जुन्या भाषेतले काही म्हणून दाखवायला सांगितले. सपकाळांनी म्हटले. क, ग, ह, एकही अक्षर न गिळता, जावळीच्या खणखणीत आवाजात. साहेबांच्या डोळ्यांतून हसून हसून पाणी आले. त्यांनी सपकाळांचा हात हातात घेऊन म्हटले, "असे उच्चार मी आयुष्यात कधी ऐकले नव्हते!"

हे वाक्य ध्यानात ठेवावे. मी ते माझ्या कानांनी ऐकले आहे. ते कसे म्हटले गेले तेही पाहिले आहे. त्यात हेटाळणी नव्हती.

साहेब गेल्यावर सपकाळ चुलीपाशी जाऊन म्हणाले, "बघितलंस? मिरचीवाचून जेवला साहेब! दोनदा घेतलं!"

सगुणाबाई भांडी गोळा करत होत्या. "चिमूटभर टाकली हुती मी," त्या म्हणाल्या.

"काय?"

"आवं, पावना दारात आल्याला. त्याला काय तसंच अळणी घालून पाटवायचं व्हतं?"

सपकाळांची टोपी उतरली. "सहाशे वर्षं!" ते ओरडले. "चिमटीभर तिखटात सहाशे वर्षं पाण्यात घातलीस, सगुणे!" आणि मग अंगणात बसून ते इतके हसले की शेजारची माणसे कुंपणाशी आली. मी त्यांना असे हसताना पुन्हा पाहिले नाही.

आठवड्याने कमिटीची सभा झाली. मला बोलावले. नानासाहेब मधल्या खुर्चीत. त्यांनी विचारले, मसाला तुमच्या घरचा होता हे खरे का? मी म्हणालो, खरे. मी स्वतः नेऊन दिला, आणि तो कशात पडणार हे मला ठाऊक होते. सपकाळांनी माझ्यापासून काही लपवले नाही. मला वाटले, आता माझी नोकरी गेली.

नानासाहेब मायेने हसले. "आपटे, तुम्ही वयानं लहान आहात. तुमच्या भोळेपणाचा फायदा घेतला त्यांनी. तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

मी म्हणालो, "पण मी सांगतो आहे ना, मला माहीत होतं!"

"असं म्हणणं हाही तुमचा चांगुलपणाच," ते म्हणाले, आणि मला जायला सांगितले.

एकच वाटी मसाला. तो देणारा मी आणि घेणारे ते. देणारा भोळा आणि घेणारा लबाड! ज्या घरातून तो गेला त्या घरच्या बाईला याचे काही वाटले नाही. नानासाहेबांच्या पत्नी आमच्याकडे येऊन चुकचुकल्या, तेव्हा आई त्यांना म्हणाली, "दिला तो दिला. उद्या तुम्हाला वाटीभर डाळ दिली तर तुम्ही तिचं काय करता ते बघायला मी मागं मागं येऊ का?" पण कमिटीत आई नव्हती.

मसाल्याचे कारण काही ठरावात घालता येत नव्हते; वकील होते ते. म्हणून ठरावात असे आले, की श्री. सपकाळ यांची विद्वत्ता मान्य असली तरी त्यांचे उच्चार मॅट्रिकच्या विद्यार्थ्यांस योग्य नाहीत, आणि तपासणीस आलेल्या साहेबांनी स्वतः म्हटले आहे, की "असे उच्चार मी आयुष्यात कधी ऐकले नव्हते." शब्दाला शब्द खरा! कोणी खोटे बोलले असे म्हणायची सोय नाही. खोटे बोलणाऱ्याला निदान देवाची भीती असते. अशा खऱ्याला कशाचीच नसते.

आणि ते साहेब? मला रागावता येत नाही म्हणालो खरा, पण त्यांच्यावर मी रागावलो आहे. ताट चाटून गेलेल्या माणसाने ठरल्याप्रमाणे शिफारशीच्या दोन ओळी लिहिल्या असत्या तर हे घडले नसते. सपकाळांनी लिहिले होते त्यांना. उत्तर आले की जेवण अविस्मरणीय होते, आणि शाळेच्या अंतर्गत बाबतीत खाते पडत नाही. राज्य करायला समुद्र ओलांडून येतात, आणि एका शाळेच्या उंबऱ्याशी आले की यांचे पाय अडखळतात!

मॅट्रिकचे इंग्रजी माझ्याकडे आले. मी, मुळात गणिताचा मास्तर. मी नाही म्हणायला निघालो होतो. आधी सपकाळांकडे गेलो. ते व्हरांड्यात डबा खात होते. म्हणाले, "घ्या की. तुम्ही न्हाई घेतलं तर एखाद्या गाढवाला देतील. गाढवापेक्षा तुम्ही बरे." मी म्हणालो, मला फार वाईट वाटते. तेव्हा मात्र ते माझ्यावर रागावले. पहिल्यांदाच. "वाईट वाटतं, वाईट वाटतं! आपटे, तुमच्या वाईट वाटण्यानं कुणाचं कधी काय बरं झालंय? एकदा तरी आरडाओरडा करा. खुर्ची तरी पाडा एखादी!"

मी खुर्ची पाडली नाही. त्यांना इंग्रजीच्या अगदी पहिल्या यत्तेला घातले, बरोबर कवायत दिली. काही महिने ते पोरांना बाराखडीसारखे एबीसीडी घोकवत आणि पटांगणात 'डावा-उजवा' करवत राहिले. मग एक दिवस सगुणाबाई, दोन ट्रंका आणि चुलीची भांडी घेऊन सांगलीला निघून गेले. वाडीतल्या लोकांना काय सांगितले असेल त्यांनी, याचा विचार माझ्या मनातून जात नाही.

सांगलीत मी त्यांना एकदाच भेटलो. माझ्या मेहुण्याच्या लग्नाला गेलो होतो, तेव्हा पत्ता काढला. हळदीच्या पेठेजवळ सगुणाबाईंनी खानावळ घातली होती. हमाल, गाडीवान, लढाईवरून सुटून आलेले शिपाई तिथे जेवत. दुपारी पंगत उठली, पत्रावळी निघाल्या, की त्याच जागी सपकाळ मॅट्रिकला नापास झालेली पोरे घेऊन बसत. कवठेमहांकाळकडची, जतकडची, दुष्काळी भागातली पोरे. एकाच्या पायाला अजून शेतातला चिखल. सगळ्यांची बोटे हळदीच्या धुरळ्याने पिवळी, आणि सगळी गळा काढून क्निख्त म्हणत होती. सपकाळ पार वाळले होते. दम लागत होता. त्यानंतर काही महिन्यांतच मिरजेच्या दवाखान्यात ते वारले. ते मला फार उशिरा कळले. पण त्या दिवशी त्यांनी बसल्या बसल्या नगरपालिकेपासून देवळाच्या पंचांपर्यंत सगळ्यांचा समाचार घेतला. मी माफीचे काही बोलू लागलो, तर सगुणाबाईच म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या भाऊजी, जेवा तुमी. न्हाईतर पुन्यांदा चिडायचं आमचं येडं."

मला गाडीत बसवायला ते मिरजेपर्यंत आले. मी नको म्हणत होतो. गाडी फलाटावर उभी होती. मला जागा मिळाली. सपकाळ खिडकीशी उभे राहून बोलत होते, तेवढ्यात आमच्याच डब्यातून तिकीट तपासणाऱ्याने एका म्हाताऱ्या धनगराला दंडाला धरून खाली उतरवले. त्याच्या काखेत घोंगड्यांची वळकटी होती.

"तिकीट हाय की माझं," म्हातारा म्हणत होता. "पुन्याचं हाय. बगा की."

"हे ओझं मालडब्यात टाक, त्याचे पैसे भर, मग चढ."

"चार घोंगडी हायती बाबा. अंगावरची न् लेकीला द्यायची."

माझ्या शेजारच्या गृहस्थाची ट्रंक माझ्या पायांशी होती, तिच्यावर पेटारा, पेटाऱ्यावर तानपुरा. त्याला कोणी काही म्हटले नव्हते. मला फार वाईट वाटले. मी पाय आणखी आत ओढून घेतले.

खिडकीशी पाहिले तर सपकाळ नव्हते. ते तिकीट तपासणाऱ्याच्या पुढ्यात उभे होते, टोपी काढून हातात घेतलेली. आधी मराठीत, मग इंग्रजीत, मग दोन्हीची सरमिसळ करून ते त्याला नियम विचारत होते. "दाखवा मला कुठं लिहिलंय! तो तानपुरा माणूस हाय, आणि हा म्हातारा माल हाय? हे मला पटत न्हाई. आणि तुम्हाला पटतं कसं?" खोकल्याची उबळ आली की वाकायचे, एका हाताने त्या माणसाची बाही धरून ठेवायचे, आणि पुन्हा सुरू. स्टेशनमास्तर आले. गार्ड हिरवे निशाण गुंडाळून तिथेच थबकला. गाडीची वेळ टळली.

डब्यात कुरकूर सुरू झाली. कोणी म्हणाले, वेडा दिसतो. कोणी म्हणाले, दारू प्यालेला असेल. शेवटी म्हाताऱ्याला त्याच्या वळकटीसकट परत आत ढकलले, दार लावले, शिट्टी झाली. सपकाळ अजून बोलतच होते. गाडी हलली तेव्हा ते पाठमोरे होते; एक हात स्टेशनमास्तरच्या तोंडासमोर, वर उठलेला.

ट्रंकवाले गृहस्थ माझ्याकडे वळून वैतागाने म्हणाले, "तुमच्याच बरोबरचा ना तो? कोण आहे कोण हा इसम?"

मी उभा राहिलो. बसून सांगण्यासारखे ते नव्हते. सगळ्या डब्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणालो, "मॅट्रिकला इंग्रजी शिकवतात ते!"